निंबाच्या वळणावरचे ठोके

राळेगावच्या शाळेत तीस वर्षं खेळाचे मास्तर असलेल्या पंजाबरावांच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हा नागपूरच्या मुलीनं, साधनानं, ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. घड्याळानं वय विचारलं आणि ठोक्यांचे झोन आपणच आखून टाकले. पंजाबरावांना ते पटेना. दोनशे वीसमधून वय वजा करायचं गणित त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं, पण आता ठोके मंद करणारी गोळी चालू होती. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून सांगितलं, पंच्याण्णव ते एकशे दहा, त्यापुढं जायचं नाही. तेच आकडे त्यांनी घड्याळात भरले. रोज दुसऱ्या हाताची नाडी मोजून ते ताडून बघत. महिनाभर दोन ठोक्यांपलीकडं फरक पडला नाही.

फिरायला ते शाळेच्या जुन्या मैदानावर जात. शाळा केव्हाच नव्या इमारतीत गेली होती. उरला होता गवतात बुजलेला ट्रॅक, चार पायऱ्या आणि वळणावरचा निंब. थंडीचे दिवस, पलीकडच्या वावरात फुटलेला कापूस. जुनी पोरं त्यांना तिथं नावानिशी आठवत. कोण कुठल्या पायावर लंगडायचा तेसुद्धा.

एका सकाळी निंबाच्या वळणावर घड्याळ थरथरलं. एकशे अडुसष्ट. त्यांनी थांबून नाडी मोजली. शंभर.

दुसऱ्या दिवशी तेच, तिथंच. साधना फोनवर म्हणाली, हात गार असला की असं होतं, छातीचा पट्टा लावून पाहा. पट्टा आला. निंबापाशी त्यानंही एकशे अडुसष्टच दाखवले. ते पायरीवर बसले, तर आकडा मिनिटात एकशे वीसवर उतरला. त्यांची नाडी तेव्हा सत्तर होती.

ही उतरण मात्र त्यांच्या ओळखीची होती.

सत्त्याऐंशी साली कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, रुपी आठशे मीटर पळायची, अनवाणी. धावून आली की ते तिची नाडी दहा सेकंद मोजत. अठ्ठावीस, म्हणजे मिनिटाला एकशे अडुसष्ट. मिनिटानं वीस, म्हणजे एकशे वीस. असं हृदय त्यांना पुन्हा भेटलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला आठवडा असताना बाप तिला लग्नासाठी न्यायला आला. तोच घुटमळत म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनत असान तं थांबतो."

तुमच्या घरची गोष्ट, मी काय सांगू, असं पंजाबराव म्हणाले. रुपीनं एवढंच विचारलं, "सर, अजून एक चक्कर मारू काय?"

"आता राहू दे."

दोन वर्षांनी ती बाळंतपणात गेल्याचं कळलं.

छातीचा पट्टा त्यांनी काढून ठेवला. दुसऱ्या सकाळी निंबापाशी पुन्हा तोच आकडा आला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि पूर्वी जिथं चुन्याची रेघ असायची तिथल्या दगडावर, पट्टा मोकळा सोडून, ठेवलं.

"मार, रुपे."

मागं न बघता ते पायऱ्यांशी गेले.

मैदानावर कोणी नव्हतं. वारा नव्हता. ट्रॅकवरचं गवत तेवढं एका ओळीत लवत गेलं, वळणापर्यंत, आणि वळणावरून परत.

ते तसेच उभे राहिले. मग सावकाश रेघेशी आले.

घड्याळाचा पट्टा आता बंद होता, अगदी शेवटच्या भोकात, बारक्या मनगटाला बसावा तसा.

आतून तो घामानं ओला होता.