सात नंबरचं पावणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या घरात घडलंय, आणि माझी आई अजून तिथंच राहते.

मागच्या वर्षीचा मे महिना. रविवार. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये माणसांच्या मृतदेहांचं प्रदर्शन लागलं होतं. खरे देह. कातडी काढलेले, रसायन भरून टिकवलेले. लोकांना माहिती सांगायचं काम माझ्याकडं.

लोक पहिल्या दिवसापासून चिडलेले. त्या दिवशी तर पेठ वडगावचे हंबीरराव पन्नास माणसं घेऊन आले.

"मढी मांडून तिकीट लावतासा? उद्या तुझा बा बशीव हितं, बघाय येतो!"

सात नंबरचा देह खुर्चीत बसवलेला होता. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी त्याच्याकडं वळलो. "पावणं, मनावर घेऊ नका. दुपारी जेवायलाच या घरी. मंगळवार पेठ, मारुतीच्या देवळामागं."

कुणीच हसलं नाही.

दीड वाजता आईचा फोन.

"आदर्श, पावणं धाडलायस ते आधी सांगायचं की रं!"

मी मागं बघितलं...

खुर्ची रिकामी.

"आई, घरातनं बाहेर पड."

"जेवता माणूस टाकून? काय बोलतोयस! भाजल्यात वाटतं कुठं, अंगाला कातडं न्हाय. मी विचारलं न्हाय. बरं दिसत न्हाय."

फोनमध्ये ताटाचा आवाज. आईचा श्वास. आणि दुसरा श्वास...

नव्हताच.

मी दाराकडं पळालो. हंबीररावांनी कॉलर धरली.

"मढं कुठं इकलंस?"

"घरी जेवतंय."

मग त्यांनी मला मारलं. त्यांची चूक नाही.

सुटून घरी पोचलो तर आई दोन ताटं घासत होती. दारापासून पाटापर्यंत ओल्या पावलांचे ठसे.

"आत्ताच गेलं," आई म्हणाली.

तसाच हॉलवर परतलो. सात नंबर खुर्चीत होता. दातांना...

तांबड्या रश्शाची तर्री.

हंबीररावांनीही ते बघितलं. पन्नास माणसं बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत प्रदर्शनानं कोल्हापूर सोडलं.

दोन दिवसांनी आईला विचारलं, "जाताना काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? आता तुमी आमच्याकडं या म्हणालं."

"आणि तू?"

"न्हाय म्हणत्यात व्हय? येतो म्हटलं. दोघंबी."

आज सकाळी आईनं ठेवणीतली साडी बाहेर काढली.

का, ते मी अजून विचारलेलं नाही.