‘नवी लाट’साठी एक वाक्य

“अहो, पाय उचला! माझ्या रस्त्यावर उभ्या आहात!”

मी दचकून खाली पाहिलं. जमिनीवर पसरलेला नाटकाचा पडदा, त्यावर रंगवलेला ओला रस्ता आणि त्यात रुतलेली माझी चप्पल! देवा!

पडदा रंगवणारा, रंगानं माखलेला तो रांगत पुढे आला. डोळे मात्र हसरे. “पुसू नका. रस्त्यावरून कुणी चाललं, तर बिघडलं कुठे?”

मी शब्दकोशाच्या कचेरीतून आले होते. ‘नवी लाट’ ही नोंद माझ्याकडे होती. कलेतल्या जुन्या रीती झुगारून एकदम उसळलेला तरुणांचा प्रवाह, असा अर्थ लिहून झाला होता. अडलं होतं ते उदाहरण. आमच्याकडे मनचं वाक्य चालत नाही, कुणीतरी खरंच बोललेलं लागतं. म्हणून या नव्या नाटकवाल्यांची तालीम गाठली.

“आधी टीकाकार नाक मुरडून म्हणायचे, ‘आली ही नवी लाट!’” तो सांगू लागला. “आता आम्हीच ते ऐटीत जाहिरातीत छापतो. घ्या, झालं तुमचं काम.”

काम झालं होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी गेले... आणि तिसऱ्याही.

“एका शब्दाला इतके दिवस?” आमच्या संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “शब्दच आहे ना गं?”

मग ती संध्याकाळ. तो कुंचला धुता धुता थांबला. “नवी लाट ओसरेलही एक दिवस... पण तिनंच तुम्हाला या दारात आणलं. तुम्ही मला— फार आवडता.”

मी त्याच्याकडे बघत होते. आणि हात? हात नोंदीचं कार्ड काढून ते वाक्य उतरवत होता! ‘नवी लाट’ कानी पडलं, की लिहायचं, मेली सवय!

त्याचा चेहरा पडला. “मी मन उघडं केलं... आणि तुम्ही उदाहरण घेतलंत?”

कुंचला तिथेच टाकून तो निघून गेला.

सकाळी बाईंनी कार्ड वाचलं. “यावर तू काय म्हणालीस?”

“काहीच नाही...”

“मग हे अर्धंच बोलणं झालं. अर्धं मी कोशात घेत नाही. ऊठ, पळ!”

पळतच पोहोचले. पडदा टांगलेला होता. रस्त्यावर माझं पाऊल तसंच... आणि शेजारी आणखी एक, मोठं!

“हे कधी?” मी पुटपुटले.

“पहिल्याच दिवशी,” पाठीमागून तो म्हणाला. “तुमचं लक्ष शब्दांकडे.”

मी वळले. “शब्द पहिल्याच दिवशी मिळाला होता. नंतर येत राहिले ते... तुझ्यासाठी.”

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. त्यानं हळूच माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला, “सावकाश... एकही शब्द सुटायला नको.”