सुटलेला मार

धम्मपाल कांबळेला तीन गोष्टी मान्य नव्हत्या: देव, भूत आणि पुट्टी. पहिल्या दोन त्याच्या वडिलांनी छप्पन सालीच घराबाहेर काढल्या होत्या, तिसरी त्यानं स्वतः हाकलली. गाडीला पोचा पडला की लोक वरून पुट्टी थापतात, घासतात, रंग मारतात आणि गाडी नवी झाली म्हणून मिरवतात. धम्मपालच्या मते ही शुद्ध लबाडी. पोचा आत असतोच. तो ठोकूनच काढायचा, एका बाजूला लोखंडी ठोकळ्याचा टेका देऊन, दुसऱ्या बाजूनं हजार हलके टोले घालून. पत्रा सरळ झाला का हे तो डोळ्यांनी बघतही नसे. तळहातावर जुना मऊ मोजा चढवायचा, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. केसाएवढी लाट असली तरी त्याला लागायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याच्या तोडीचा डेंटर नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असल्यामुळं त्याला मित्र जरा कमीच होते.

वर्कशॉप बाळासो इंगवल्यांचं. सत्तरच्या सुमारास इथल्या काही हौशी पोरांनी फौंड्रीत ओतलेले भाग जोडून शर्यतीच्या गाड्या बनवल्या आणि मद्रासपर्यंत पळवायला नेल्या, त्यांतले बाळासो एक. आता साठी उलटली होती. लोकांच्या जुन्या शर्यतीच्या गाड्या पुन्हा उभ्या करून देणं हा त्यांचा धंदा आणि तेच त्यांचं वेड. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत धम्मपालची मुलगी साक्षी तुपाच्या रिकाम्या डब्यांत मेण वितळवत बसायची. पोरगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. नोकरीचे अर्ज करायचं सोडून तीन वर्षं तिनं गाडीचं पॉलिश बनवण्यात घातली होती. पहिलं पॉलिश दुधासारखं फाटलं. दुसऱ्यानं एका वकिलाच्या गाडीचा रंगच उतरवला आणि धम्मपालला आठवडाभर त्या वकिलाची बोलणी खावी लागली. तिसरं मात्र जमलं. पुण्याचा एक व्यापारी पाचशे डबे घ्यायला तयार झाला. डब्यावर छापायला एक झकास फोटो तेवढा शनिवारपर्यंत हवा होता.

२००३चा जानेवारी होता तो. त्याच आठवड्यात बाळासोंनी कळंब्याच्या शेडमधून आपल्या भावाची गाडी टेम्पोत घालून आणली.

एका माणसाची, लांबुळकी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गाडी. एकोणऐंशी साली मद्रासजवळच्या धावपट्टीवर ती डांबराच्या ड्रमावर आदळली, आडवी घसरली, उलटली. थोरले भाऊ भाऊसो नाक आदळलं त्याच क्षणी गेले होते. चोवीस वर्षं बाळासोंनी तिच्यावरची ताडपत्री काढली नव्हती.

धम्मपालनं मोजा चढवला आणि अर्धा तास गाडीवर हात फिरवला. मग खडूनं आकडे टाकले. शेपटाला एक, वरच्या कमानीला दोन, डाव्या कुशीला तीन, नाकाला चार. नाकावरचा पोचा ताटलीएवढा होता आणि त्याच्या मधून ड्रमाच्या काठाची वाकडी घडी गेली होती, करंजीच्या कडेसारखी. शेवटचा मार आधी काढायचा, पहिला मार शेवटी, हा त्याचे उस्ताद जोतीराम मिस्त्री यांचा नियम. उलटं केलं तर पत्रा ताणतो, फाटतो. उस्ताद आणखीही काहीतरी म्हणायचे, क्रम मोडला की मार सुटा राहतो असं काहीसं. ते धम्मपालनं कधी मनावर घेतलं नव्हतं.

"आबा, नाक आधी काढा की," साक्षी म्हणाली. "फोटो नाकाचाच पायजे. बाकीचं मागनं करा."

"न्हाय जमायचं. वळीनं होणार."

"शनिवार गेला तर तो पुण्याचा माणूस दुसरा बघंल. तीन वर्षं मी काय केलो मग?"

बाळासोंनीही तिचीच बाजू घेतली. "पोरीचं ऐक, मिस्त्री. पत्रा फाटला तर माझा फाटंल."

धम्मपाल जगात कुणाला भीत नव्हता, पण या पोरीच्या उतरलेल्या चेहऱ्यापुढं त्याचं काही चालत नसे. त्यानं हातोडी उचलली.

दोन दिवस लागतील असा त्याचा अंदाज होता. पत्रा फाटला नाही. उलट दुपारपर्यंत ती घडी आपणहून सैल पडू लागली, आवळलेली मूठ कुणी सोडावी तशी. शेवटच्या टोल्याला 'टप्' असा बारीक आवाज आला आणि पोचा गेला. धम्मपालनं हात फिरवला. लाट नाही, रेघ नाही. इतकं सोपं काम त्याच्या तीस वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही. साक्षीनं पॉलिश लावलं, फोटोवाला आला, फोटो झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तेव्हा टर्पेन्टाइनचा उग्र वास बाहेर आला. पॉलिशचे डबे ठेवलेलं लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर सरकलं होतं. दाराला आतपर्यंत पोचा, मागचे सहा डबे फुटलेले, मेण फरशीवर गोठलेलं. कुलूप शाबूत होतं. बाळासो म्हणाले, छताला चेननं टांगलेलं इंजिन झुललं असंल. इंजिन होतं तिथंच होतं.

धम्मपालनं मोजा न घालताच दारावर हात ठेवला. ताटलीएवढा पोचा. मधून वाकडी घडी.

घडी तीच आहे हे त्याच्या तळहाताला कळत होतं, पण तळहाताची साक्ष तो कुणापुढं देणार होता? शिवाय पोचा दिसला की तो काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. जेवण झाल्यावर त्यानं दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि ठोकायला बसला. याही वेळी पत्रा लोण्यासारखा ऐकत होता. बाळासो दोन पावलांवर चहाचा ग्लास घेऊन उभे होते.

"भाऊसो असता तर आज सत्तरीला आला असता बघ," ते म्हणाले.

टप्.

मागं ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. धम्मपालनं मान वळवली तेव्हा बाळासोंचे पाय जमिनीला लागलेले नव्हते. ते मागं फेकले गेले, पाठीनं लोखंडी बाकावर आदळले आणि बाकासकट खाली आले. छातीचा डावा भाग आत गेला होता. शर्टाचं दुसरं बटण मांसात रुतलं होतं. तोंडातून रक्त येत होतं, आधी फेसाळ, मग नुसतं. चहाचा ग्लास हातात तसाच होता, न फुटलेला.

रिक्षात धम्मपालनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. राजारामपुरीच्या अलीकडेच ते संपले.

पोलिसांनी कॉम्प्रेसर बघितला, ग्राइंडर बघितला, छताचे पत्रे मोजले. उडालेला तुकडा काही सापडला नाही. बोथट वस्तूचा जोराचा आघात, असं कागदावर आलं. प्रेताला आंघोळ घालताना धम्मपालनं ओल्या छातीवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तीच वाकडी घडी तिथं होती. उभ्या आयुष्यात तो एवढा घाबरला नव्हता.

पंचगंगेच्या घाटावर दुपारी चिता पेटली. तासाभरानं मधली लाकडं एकदम खचली आणि त्या भडक्यात काहीतरी बारीक वाजलं. लाकडांचे आवाज होतातच. तरी धम्मपालनं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

घरापुढं गल्ली जमली होती. शेजारच्या तानाबाईंनी त्याचा दंड धरला.

"साक्षी कापडं वाळत घालत हुती वो. कोण न्हाय, कोण न्हाय, आन् पोरगी अशी भितीवर जाऊन आपाटली. मी डोळ्यानं बघितलो. कुणीतरी लाथ घातल्यावानी."

"कवा?"

"चारचं पाणी नुकतंच आल्तं की."

डाव्या बाजूच्या तीन बरगड्या. म्हातारी हाडं असती तर आत घुसली असती, कोवळी होती म्हणून वाकली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक्स-रे उजेडापुढं धरला. तिन्ही भेगा एका वाकड्या ओळीत होत्या.

"बरगड्यांना प्लास्टर नसतं," डॉक्टर म्हणाले. "आपोआप जुळतात. सहा आठवड्यांत अगदी पूर्ववत."

"पूर्ववत म्हंजे? काय सुदीक ऱ्हाणार न्हाय?"

"हाडाला रेघसुद्धा राहायची नाही. काळजी करू नका."

डॉक्टर भला माणूस होता. हे ऐकून या माणसाचं तोंड पांढरं का पडलं, ते त्याला कळलं नाही.

धम्मपाल तडक वर्कशॉपला गेला. सर्वांत मोठा घण घेतला आणि गाडीच्या नाकावर घातला. मार जिथून सुटला तिथंच परत बसवायचा, एवढंच त्याला सुचत होतं. त्यानं नाक चेचलं, फाडलं, सांगाड्यापर्यंत नेलं. हाताची सालं निघाली. ॲल्युमिनियमच्या चिंध्या झाल्या, पण त्यावर हात फिरवला तर सगळे पोचे त्याचे स्वतःचे होते. तो एक नव्हता. मग हा खमका माणूस फरशीवर बसून रडला, आणि देव मानत असता तर बरं झालं असतं, निदान कुणाचे तरी पाय धरता आले असते, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बायकोला, आक्काताईला, त्यानं भांडण काढून नेसरीला माहेरी धाडलं. तानाबाईंना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पोरीचं जेवणखाण, औषध, सगळं स्वतः केलं. तिच्या खाटेला चिकटून पाट टाकायचा आणि दिवसभर तिथंच बसायचा. घाटावरची एवढी माणसं सोडून मार पोरीकडंच कसा गेला हे त्याला कळलं नव्हतं, तरी आता सुटला की आधी आपल्याला लागला पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. साक्षी चिडायची, जरा बाजूला सरका म्हणायची. तो सरकत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी, ती उठून बसली. दोन्ही हात वर ताणले.

"आबा, आज दुखत न्हाय बघा."

तिनं खोल श्वास घेतला. पुरा घेतला.

धम्मपाल पाटासकट दारापर्यंत फेकला गेला.

साक्षीनं ते बघितलं. तिच्या आणि त्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडं ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग उठली आणि त्याच्या तोंडातलं रक्त आपल्या ओढणीनं पुसलं. कसं झालं, हे तिनं विचारलं नाही.

तो मेला नाही. मरायची त्यानं तयारी केली होती, पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की त्याला मरायचीही सोय नाही आणि बरं व्हायचीही. आपल्याला जाळू नका, पुरा, असं त्यानं कागदावर लिहून आक्काताईच्या ट्रंकेत ठेवलं. मेल्यानंतरची तेवढी सोय झाली. पण बरगड्या कुणाचं ऐकत नाहीत. चौथ्या आठवड्यात दुखणं कमी व्हायला लागलं. कूस बदलता आली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सकाळी तो वर्कशॉपला गेला, शटर आतून ओढलं, शर्ट काढला. खडूनं छातीवर गोल काढला. तोंडात मोजा कोंबला आणि लाकडी हातोडा उचलला.

दर महिन्याला एकदा, हाड जुळायच्या आत. सहा वर्षं.

साक्षीचं पॉलिश चाललं. गोकुळ शिरगावला तिचा छोटा कारखाना उभा राहिला. प्रत्येक डब्यावर तेच नाक छापलेलं असे, चकचकीत, कुठं डाग नाही. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. बाप कायम एका बाजूला कलून का चालतो, असं जावई विचारायचा. उतारवयाचा वात, असं ती सांगायची.

२००९च्या पावसाळ्यानंतर धम्मपालचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. डाव्या हातानं त्यानं दोनदा घालून बघितलं. नुसते काळेनिळे वळ उठले. पाचवा आठवडा लागला. जिना चढताना दुखेना तेव्हा त्यानं साक्षीला निरोप धाडला.

ती एकटीच आली. आत आल्यावर तिनंच शटर ओढलं.

"पोरीला कुठं ठेवलीस?" त्यानं विचारलं.

"नेसरीला, आईजवळ. चार दिस तिथंच ऱ्हाईल."

त्यानं मान हलवली. शर्ट काढून बाकावर ठेवला, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. डाव्या हातानं खडू घेऊन गोल काढला आणि हातोडा तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. आधी जवळ आली, डोळे मिटले आणि त्याच्या छातीवर तळहात ठेवून हळूहळू फिरवला.

"घडी जरा खाली हाय, आबा," ती म्हणाली.

तिनं ओढणीनं तो गोल पुसला आणि दोन बोटं खाली नवा काढला.