फाटकावरचा फोन

दुपारी तीनला मी रेल्वे फाटकाच्या खोलीत डबा उघडला आणि फोन वाजला. हा फोन फक्त स्टेशनाशी जोडलेला आहे, बाहेरचा फोन त्यावर लागत नाही. स्टेशनमास्तर साहेब फाटक लावायला सांगतात, मी लावते, कुलूप घालते आणि माझ्याजवळच्या गुप्त यादीतला एक आकडा त्यांना देते. तो मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

त्या दिवशी आवाज बाईचा होता. बसलेला.

"फाटक लाव. नंबर दे."

नवीन कुणी ड्युटीवर असेल, असं वाटलं. मी फाटक लावलं, कुलपाकडे बोट करून मोठ्यानं म्हटलं, "कुलूप बंद. रस्ता बंद." जपानचे रेल्वेवाले असंच बोट दाखवून बोलतात, त्यानं चुका कमी होतात. मग आकडा सांगितला, सत्तेचाळीस.

"कोणासंगं बोलून राह्यली गं? कुलपासंगं?"

रखमाजी आबा. ट्रॅक्टर घेऊन आले होते. मागं ट्रॉलीत घरच्या बाया, लेकरं, साखरपुड्याला भोकरदनला निघालेली.

त्यांचा आवाज ऐकला की माझं डोकं तापतं. तीन वर्षांपूर्वी या फाटकावर द्वारकाबाई होत्या. याच माणसानं आरडाओरडा करून त्यांना लावलेलं फाटक उघडायला लावलं. एक जीप रुळावर गेली आणि गाडीनं उडवली, तिला थांबवायला धावलेल्या द्वारकाबाईही त्यात गेल्या. चौकशीत आबा म्हणाले, "बाई झोपल्ती, साहेब." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. माझ्या आईनं शेतातून सगळं पाहिलं होतं. तिला आमच्याच घरच्यांनी गप्प बसवलं.

वीस मिनिटं झाली. गाडी नाही.

"उघड की, वर्षाराणी. आपल्या गाड्या कधी येळेवर आल्त्या?"

"जपानात गाडी वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीनं माफी मागितली होती, आबा."

"आपल्या साहेबानं माफी मागाय घेतली तर त्याला जेवाय टाइम न्हाई भेटायचा!" ट्रॉलीतल्या बाया हसल्या.

शेवटी मीच स्टेशनला फोन लावला.

"मी कुठं फोन केला?" साहेब म्हणाले. "लाईनवर गाडीच नाही. उघडून टाक."

"बघ!" आबांनी ट्रॅक्टर चालू केला. "शिकलेल्या पोरींना अक्कल बिलकुल नसती."

मी कुलपात चावी घातली. फोन वाजला. धावत जाऊन उचलला.

"पोरी... उघडू नको. मला बी असंच म्हन्ला व्हता... हाच."

मी बाहेर येऊन चावी काढून मुठीत धरली. आबा शिव्या देत खाली उतरले आणि माझी मूठ उकलायला लागले. मी सोडली नाही. तेवढ्यात रूळ गुणगुणले. मग डबे आले. मालगाडीचे पाच भरलेले डबे, कुठूनतरी सुटून घरंगळत आलेले. इंजिन नाही, शिट्टी नाही. लोखंडाचा जळका वास सोडून निघून गेले.

ट्रॉलीतलं एक लेकरू रडायला लागलं.

संध्याकाळपर्यंत आबांनी गावभर सांगितलं की, पोरगी फाटक उघडत होती, मीच तिचा हात धरला. म्हाताऱ्यांनी पुन्हा माना हलवल्या. या वेळी मी गप्प बसले नाही. चावडीवर जाऊन सगळ्यांसमोर आजचं आणि द्वारकाबाईंच्या दिवसाचंही खरं सांगितलं. आबा म्हणाले, "येडी झाली."

तिसऱ्या दिवशी त्यांची सून साधना फाटकावर आली. चेहरा पांढरा.

"ताई, आबांचा मोबाईल बंद करून कपाटात ठुला. तरी रोज तीनला वाजतो. म्या उचलला. एक बाई सारखं तेच इचारती... 'झोपल्ती का मी?'"

"आबा काय म्हणतात?"

"पहिल्या दिवशी वाजला तवा गोधडी घेऊन झोपेचं सोंग केलं. काल दुपारपासून हलवून राह्यलो, ताई. उठतच न्हाईत."

"झोपलेत?"

"डोळे उघडे हायेत..."