वच्छलाबाईंच्या ताटातलं विष

“मी सासूले विष देते, असं अख्खं मारेगाव म्हणून राह्यलं. खरं कोण देते, थे शोधून द्या.”

निकिता गोहोकार खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलली. यवतमाळच्या त्या छोट्या कचेरीत देवीलालने पुष्कळ रडणारी माणसं पाहिली होती. ही रडत नव्हती.

सत्यशीला रामटेके पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि खाजगी तपासाची कामं घेऊ लागल्या. देवीलाल राठोड खात्यात त्यांची गाडी चालवायचा. निवृत्तीनंतर तोही त्यांच्याकडेच आला. ‘आमच्या मॅडमसारखं डोकं जिल्ह्यात नाही,’ हे तो चहाच्या टपरीवर कुणी न विचारता सांगत असे.

“तुमच्या सासूबाई म्हणजे कबड्डीच्या वच्छलाबाई?” सत्यशीलांनी विचारलं.

“हो. मीबी त्यांचीच खेळाडू. मैदानात पाहूनच सून करून नेली त्यांनी मले.” निकिताची मान नकळत ताठ झाली. “आता त्यांचे हात कापते. पायात गोळे येते, पापणी फडफडते. मागच्या महिन्यात पोरींसमोर मैदानात पडल्या. दवाखान्यात विषाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. तरी सासू म्हणते, सूनच काहीतरी घालते. माहा नवरा कपिल सोमवारी ठाण्यात जाणार आहे.”

“त्या अजून तुमच्या हातचं जेवतात?”

“कधीचं सोडलं. स्वतः रांधते, स्वतःच पाणी भरते.”

“आणि गोळे थांबले?”

“नाही. म्हणते, आधीचंच विष अंगात भिनलं.”

सत्यशीलांनी देवीलालकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधत होता.

मारेगावला वच्छलाबाई ओसरीतल्या बाजेवर बसल्या होत्या. साठी उलटली तरी खांदे पैलवानासारखे. हात मात्र मांडीवर दाबून धरलेले.

“माह्या घरात औषधाची एक गोळी सापडणार नाही तुमाले,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “बीपी नाही, शुगर नाही. असं शरीर आपोआप खराब होत नसते, मॅडम. कोणीतरी केलं.”

“जेवण कधी होतं तुमचं?”

“पोरींची संध्याकाळची प्रॅक्टिस झाल्यावर. भाकर, झणझणीत ठेचा, वरून कडक चहा, की लगेच पाठ टेकते. अलीकडं झोपते मात्र बसल्यासारखीच. आडवं झालं की घशाशी येते.”

बाजेवर उशाकडे भिंतीला टेकून चार उश्या रचलेल्या होत्या. देवीलालला त्या दिसल्या, पण त्यात पाहण्यासारखं काय ते त्याला कळलं नाही.

मैदानावरच्या सामानाच्या खोलीत त्यांचा सहायक हिरासिंग भेटला. बाई बाजूला झाल्या तर संघ त्याच्या हाती येणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

“बाईंना इथे काही खायला-प्यायला देता?” सत्यशीलांनी विचारलं.

“पाणी देतो. अन् सकाळी ती गॅसची कॅप्सूल. मीच मेडिकलातून आणतो. सकाळच्या प्रॅक्टिसच्या शिट्टीआधी कॅप्सूल, असा नेमच आहे बाईचा. माह्या आधीपासूनचा.”

“बाई तर म्हणाल्या, औषध घेत नाही.”

हिरासिंग हसला. “गॅसची कॅप्सूल म्हणजे काय औषध झालं का? अर्धं गाव घेते.”

“ती ठेवता कुठे?”

“त्यांच्या पिशवीत, या खोलीतच. लग्नाले बहिणीकडं नेरले गेल्या तवा पिशवी इथंच विसरल्या. आठ दिवस लटकून होती.”

नेरला वच्छलाबाईंची बहीण साधना घुश्श्यातच होती. “चांगली आली होती. दोन-तीन दिवसांनी छातीत असा जाळ, की रात्रभर उठून बसे. निकितानं दिलेले लाडूच बाधले म्हणे.”

“ते लाडू आणखी कुणी खाल्ले?”

“आम्ही सगळ्यांनी. लेकरांनी तर डबा चाटला.” ती थांबली. “आमाले काही झालं नाही.”

परतीच्या वाटेवर देवीलालने छाती फुगवली. “मॅडम, हिरासिंगच. कॅप्सूलमध्ये विष भरून देते तो!”

“कॅप्सूल बरोबर धरलीस, देवीलाल. विष सोडून दे,” सत्यशीला म्हणाल्या आणि त्यांनी कपिलला फोन लावला. “सोमवारी ठाण्यात नका जाऊ. आईला घेऊन यवतमाळला माझ्या ओळखीच्या डॉक्टर अपेक्षांकडे या. रक्तात मॅग्नेशियम तपासायचं आहे.”

अहवाल आला त्या संध्याकाळी गोहोकारांच्या ओसरीत सगळे जमले. निकिता दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

“विष निकितानं दिलं असतं,” सत्यशीलांनी सुरुवात केली, “तर तिच्या हातचं बंद केल्यावर त्रास कमी झाला असता. झाला नाही. लाडवात काही असतं तर नेरची लेकरं आधी आजारी पडली असती. मग उरतं काय? इथे गोळे आणि कंप, नेरला जाळ. दोन गावांत दोन त्रास. इथे रोज एक वस्तू पोटात जात होती, नेरला ती अचानक थांबली.”

“कॅप्सूल!” देवीलाल ओरडला.

“डॉक्टरांनी कधीतरी थोडे दिवस लिहून दिली असेल. बाईंनी ती वर्षानुवर्षं चालू ठेवली. ती पोटातलं आम्ल दाबते. फार काळ घेतली तर काही जणांच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. मग पायात गोळे येतात, हात कापतात, पापणी फडफडते. बाईंचं फार उतरलंय. डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर हृदयाचे ठोके बिघडले असते. आणि एकदम बंद केली की दाबलेलं आम्ल उसळतं. नेरचा जाळ तो. हिरासिंगनं इमानानं आणून दिली. विष कुणीच दिलं नाही.”

“पण जळजळ तर खरीच आहे,” वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“खरीच आहे. रात्री ठेचा-चहा आणि लगेच झोप, म्हणून. उश्या रचून पोट दुमडतं. त्यापेक्षा बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा द्या. जेवण प्रॅक्टिसच्या आधी घ्या. कॅप्सूल आपल्या मनानं तोडू नका. कुणाकुणाला ती लागतेच. तुमची कॅप्सूल डॉक्टर हळूहळू कमी करतील.”

मग वच्छलाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि दाराशी गेल्या.

“निकिता, मी गावभर तुह्यं नाव खराब केलं. घरात सांगून भागणार नाही थे.”

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संघ मैदानात जमला, पोरींचे आईबाप कुंपणाशी होते, तेव्हा वच्छलाबाईंनी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. स्वतःची चूक सांगताना त्यांची मान खाली गेली नाही, आणि ते पाहून देवीलालला वाटलं, कबुली द्यायलाही खांदे असेच लागतात.

हिवाळ्यात यवतमाळला जिल्हा स्पर्धा झाल्या. वच्छलाबाईंचे हात आता कापत नव्हते. कॅप्सूल डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली होती आणि दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण होत असे. अंतिम सामन्याआधी निवेदकाने मारेगावच्या प्रशिक्षकांना पुढे बोलावलं. वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आपल्या जागी निकिताला पुढे ढकललं.

“कोण ही?” शेजारच्या बाईने विचारलं.

“माही सून,” वच्छलाबाई म्हणाल्या. मग मागच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या, “माही सून!”