रोज एक वाटी साग

माणूस डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला होता, आणि शर्टाखाली धरलेली कागदाची गुंडाळी मात्र जवळजवळ कोरडी.

धानोऱ्याच्या शाळेचा व्हरांडा, श्रावणातली मंगळवारची दुपार. मुलं घरी गेली होती, मी हजेरीपट आवरत होते. त्याने पायरीवरूनच विचारलं, कडा वाळेपर्यंत तक्ता भिंतीला लावू का? मग एक टोक माझ्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं, त्याने घाईने दुसरं टोक पकडलं, आणि मी वाचायला लागले.

'उत्तम आहार' असा मथळा. खाली, वळणदार अक्षरात पहिली ओळ: रोज एक वाटी साग खा.

"हे खायचं?" मी विचारलं.

"रोज. लोह असतं त्यात."

शाळेमागे सागाचं रान सुरू होतं. परातीएवढ्या पानांवरून पाणी ओघळत होतं. मी तिकडे बोट दाखवलं. "नुसती पानं, की लाकूडही चालेल?"

तो झाडाकडे बघत राहिला, मग तक्त्याकडे... आणि त्याचे कान लाल झाले. आरोग्य खात्याचा मूळ मजकूर हिंदी होता, त्याने एका बैठकीत मराठी केला होता. हिंदीत साग म्हणजे पालेभाजी.

"फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढली असेलच तुम्ही—"

"बाई, हसा, पण टोक सोडू नका."

मी खरंच हसत होते. चैत्रानंतर पहिल्यांदा. मग दुसरी ओळ दिसली, आणि हसू थांबलं. भाताऐवजी पोळी. तिसरी: मोहाच्या लाडवाऐवजी बिस्कीट.

चैत्रात माझी आई गेली. तिला रक्तदाब होता. एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्यातली पहिली हीच: भाताऐवजी पोळी. जन्मभर भात खाल्लेली बाई शेवटचे पाच महिने पोळी पाण्यात बुडवून गिळायची, आणि ताट सरकवताना माझ्याकडे बघायची नाही. हे मी त्याला थोडक्यात सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

"लोकांना सोपं सांगावं लागतं," तो हळू म्हणाला.

"सोपं सांगा. अर्धं सांगू नका. आज सकाळी तुम्ही काय खाल्लं?"

सिरोंच्याचा होता तो, राजलिंगू आकुला, घरी तेलुगू बोलणारा. म्हणाला, "भात... आणि चिंचेचं चारू, म्हणजे सार."

तक्ता तीन आठवड्यांनी वरच्या साहेबांपुढे जायचा होता. पसंत पडला तर छापून साठ गावांच्या भिंतींवर लागणार होता, आणि त्याची हंगामी नोकरी पक्की होणार होती. साठ भिंतींवर आईची चिठ्ठी. मी त्याला म्हटलं, रविवारी कोसमटोल्याला चला. तिथे माझ्या ओळखीची म्हातारी आहे, बुधरीबाई. तिच्यापुढे वाचून दाखवा.

बुधरीबाईने तक्ता शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "इथी गहू कुठी पिकते, भाऊ? धान इकून गहू आणू, त भाजीले काय राह्यते?" बिस्किटाबद्दल तिने एवढंच विचारलं, की ते कोणत्या झाडाले लागते. मग रानभाज्या दाखवायला आम्हाला रानात नेलं. तरोटा, खापरखुटी, काटवलं, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब. तो प्रत्येक पान वहीत दाबून ठेवायचा. त्याच्या आडनावातलं आकु म्हणजे तेलुगूत पान, हे कळल्यावर बुधरीबाई त्याला पानवाले जावईबापू म्हणायला लागली. कोणाचे जावई, हे मी विचारलं नाही. त्यानेही नाही. चिखलातून मागे वळून तो नुसता हात पुढे करायचा, आणि मी तो धरायला जरा उशीर लावायचे.

असे तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी परतताना मी त्याला न सांगितलेली गोष्ट सांगितली. डॉक्टरांच्या चिठ्ठीत शेवटी होतं: मीठ कमी, लोणचं बंद. आईची दया येऊन मीच तिला पोळीबरोबर लोणचं द्यायचे.

वाटलं होतं, हा गोड काहीतरी बोलेल. तो सायकल ढकलता ढकलता थांबला.

"ती ओळ बरोबर होती, बाई," तो म्हणाला. "सगळी चिठ्ठी चुकीची नव्हती. पण कोरडी पोळी दिली नसती, तर लोणच्याची गरज पडली नसती. एका फोडीने माणूस जात नाही. तुम्ही ते मनातून काढा."

त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस मला आवडतो. माझी समजूत काढताना त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी साहेब तक्ता बघायला कोसमटोल्यात आले. जुना तक्ता त्यांनी आल्याबरोबर पसंत केला, फक्त सही राहिली होती. राजलिंगूने गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तो उभा राहिला. म्हणाला, तक्ता मी लिहिला आणि तो चुकला. भाषाही चुकली, सल्लाही. घाम पुसत त्याने नवा तक्ता उलगडला. त्यात 'ऐवजी' हा शब्द नव्हता. भातासोबत डाळ, डाळीसोबत रानातली भाजी, नावानिशी. मीठ जपून. आणि शेवटी: आजाऱ्याचं पथ्य आजार बघून, डॉक्टरांना विचारून.

साहेबांचा चेहरा आखडला. फार लांबलचक आहे, ते म्हणाले. तेवढ्यात बुधरीबाईने त्यांच्यापुढे पान मांडलं. भात, वरण, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी. साहेबांनी दोनदा भात मागून घेतला.

तिसऱ्यांदा भात वाढताना ती म्हणाली, "साहेब, तुमाले पोळी करून देऊ का?"

जमलेल्या गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबही हसले, हात धुतला आणि नव्या तक्त्यावर सही केली. साठ गावं.

बाया राजलिंगूभोवती गोळा झाल्या. त्याची नजर त्यांच्या डोक्यांवरून मला शोधत होती. मी हललेच नाही. सापडू दिलं.

वाटेवर तो माझ्या बाजूने चालत होता. ऊन पडलं होतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "घरी दोन माणसं असली, की जेवण अंगी लागतं—"

"सल्ला देताय, की विचारताय?"

"विचारतोय." तो थांबला. "माझ्याशी लग्न कराल?"

शाळेतल्या मराठीत याचं उत्तर मला देता येईना. आईशी जे बोलायचे, तेच तोंडात आलं.

"बाबा घरीच हायेत," मी म्हणाले. "त्याईले तुमी इचारा. मले इचारत असान, त... हो."