फाटक्या कानाची म्होरकी

त्या सकाळी आम्ही डोंगर चढायला निघालो, ते रात्रीच्या हिमवादळात गाडल्या गेलेल्या मेरेरिडच्या चाळीस मेंढ्या बर्फातून काढायला. सत्तरीची मेरेरिड, तिचा भाचा टेगिड आणि शेजारच्या शेतावरचा मी, इद्वल. शिवाय मॉट कुत्रा, आमच्यात सगळ्यात शहाणा.

आमच्या खोऱ्यात वरच्या उतारांना कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, हे मेंढीच लेकीला शिकवते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. विकतची मेंढी तिथे टिकत नाही. हा कळप गेला, की मेरेरिडचं शेत संपलं!

"आत्या, गेल्या तर गेल्या," टेगिड धापा टाकत म्हणाला. "खाली गावात राहायला ये. चॅपेल दाराशी, दुकान दाराशी."

"आणि डोंगर कुठे, तुझ्या खिशात? चल, तोंडाने चढण होत नाही."

ओढ्यावर बर्फाचा पूल दिसत होता. टेगिडने पाय ठेवला आणि धाडकन खाली! कमरेपर्यंत पाण्यात! मेरेरिडने काठीचा आकडा त्याच्या कॉलरला अडकवला, मी ओढलं. बाहेर येताच त्याने ओढ्याला शिव्या घातल्या, म्हणजे गडी ठीक होता.

कड्याखाली मॉट थबकला आणि बर्फ उकरू लागला. खाली गाडलेल्या मेंढीच्या श्वासाने वितळून पडलेलं बोटभर भोक! आम्ही लांब काठ्या खुपसल्या, फावडी चालवली. एक मेंढी! दुसरी! पाचवी! दुपारपर्यंत अडतीस जिवंत निघाल्या. दोन गेल्या होत्या. मेरेरिडने त्यांच्या कानांवरची खूण अंगठ्याने चाचपली आणि उठली.

तेवढ्यात वारा फिरला. उबदार पाऊस सुरू झाला, बर्फ सैल होऊ लागला.

"घळीतून सरळ खाली, अर्ध्या तासात घरी!" टेगिड म्हणाला. मीही मान डोलावली. मेंढपाळाला शोभणार नाही अशी चूक केली. म्होरकी, फाटक्या कानाची म्हातारी मेंढी, घळीच्या तोंडाशी अडली. मॉट भुंकला, टेगिडने मागून रेटलं. ती हलेना!

"हट्टी कुठली! तुझ्यावरच गेलीय, आत्या!"

"सोड तिला!" मेरेरिड कडाडली. "हा उतार तुझ्या-माझ्यापेक्षा तिला ठाऊक आहे. मॉट, माघारी!"

म्होरकी वळली आणि कड्याच्या कडेने चालू लागली. तिच्यामागे एकेक करत सगळा कळप, आणि त्यांनी तुडवलेल्या वाटेवरून आम्ही. शंभर पावलं गेलो असू. मागे धडाड्! घळीवरचा सगळा बर्फ कोसळला! टेगिड चुन्यासारखा पांढरा पडला.

चहाच्या वेळेला कळप दगडी मेंढवाड्यात शिरला. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच त्यांना शिकवलं होतं! टेगिडने म्होरकीपुढे टोपी काढली. गावात राहायला येण्याचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

"आत्या, हिची एक लेक दे ना मला."

"ने की," मेरेरिड म्हणाली. "पण सकाळी तुझ्या गोठ्यात शोधत बसू नकोस. सरळ इथे ये, ती आईपाशी उभी असेल."